झाडाची लड

इचलकरंजीत ज्याचा जन्म गेला, त्याची खडखडाटाने झोपमोड होत नाही. उलट रात्री वीज गेली आणि पेठेतले यंत्रमाग एकदम थांबले की आम्ही सगळे टक्क जागे होतो. गडचिरोलीच्या जंगलातून परत आल्यापासून मात्र माझं काहीतरी बिघडलं आहे. माग सुरू झाले की मी त्या गोंगाटात एक हळू, एकटा ठोका शोधत बसते. तो इथे सापडणार नाही हे मला कळतं, तरी शोधते. नवरा म्हणतो, कानाच्या डॉक्टरला दाखव.

त्या एका ठोक्यासाठी मी कुठवर गेले होते, ते सांगते.

सावली

कुंदा माझी वसतिगृहातली मैत्रीण. गेली कित्येक वर्षं ती चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावली गावात राहते आणि जंगलपट्ट्यातल्या बायकांना कोशाचं सूत काढायला आणि विणायला शिकवते. "ये एकदा, ये एकदा" असं ती इतकी वर्षं म्हणत होती की शेवटी मीच लाजले आणि हिवाळ्याच्या तोंडाशी चंद्रपूरच्या गाडीत बसले.

स्टेशनवर न्यायला युनूसभाऊ आले होते. कुंदाच्या केंद्रातले सगळे माग यांनीच उभे केलेले. मूळचे मूल गावचे, सुतारकीचं घराणं, पांढरी दाढी, आणि गाडी चालवताना जुनी हिंदी गाणी अर्धीच गुणगुणायची सवय. दुसरं कडवं आलं की गप्प. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "पुढचं येते ना ताई, पन पयलंच चांगलं हाय."

चंद्रपूरचा कोळशाचा धूर मागे पडला आणि दोन्ही बाजूंना कापून ठेवलेलं धान सुरू झालं. धुक्यात ते पुंजणे, म्हणजे धानाचे ढीग, निवांत बसलेल्या माणसांसारखे वाटत होते. सावली म्हणजे धानाचं गाव. हवेला उकडलेल्या तांदळाचा वास. कुंदाचं केंद्र एका भातगिरणीला लागून आहे, पत्र्याचं लांबलचक छत, आणि आत आठ-दहा बायका मांड्या उघड्या टाकून भिंतीला टेकलेल्या. मला आधी वाटलं, जेवण झाल्यावर आराम चाललाय. तर त्या सूत काढत होत्या. उकडलेल्या कोशातून तंतू ओढायचे आणि मांडीवर तळहाताने पीळ द्यायचा. कोसा म्हणजे रानातल्या येनाच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडावर अळी जे घर बांधते ते, लहानशा अंड्याएवढं, तपकिरी, कडक. त्यातून असं मऊ, मधाच्या रंगाचं सूत निघतं यावर माझा विश्वास बसेना. मी सुताच्या व्यापाऱ्याची मुलगी. आमच्याकडे सूत ट्रकमधून उतरतं. ते माणसाच्या मांडीवरून उतरताना मी पहिल्यांदा पाहिलं.

जेवायला लाखोळीची डाळ, भात आणि वाळवलेल्या अंबाडीची आंबट भाजी होती. मी तिसऱ्यांदा भात घेतला तशी कुंदा म्हणाली, "खाऊन घे. उद्या तुला कामाला पाठवतेय."

काम असं होतं. हेमलकशाच्या अलीकडे, रस्त्यापासून आत एका माडिया पाड्यावर रुपी नावाची बाई आहे. केंद्रात शिकून ती चांगली तयार झाली, पण शिकायला म्हणून ती इथे राहिली तेव्हा तिची लेक अंगावर पिणारी होती, आजीजवळ ठेवलेली. रुपी घरी परतली तर पोर तिच्याकडे येईना. आजीच्या लुगड्यात तोंड लपवून रडायला लागली. तेव्हा रुपीने कुंदाला सांगितलं, मी विणीन तर घरी विणीन, नाहीतर विणणार नाही. म्हणून कुंदाने एक माग तिच्या घरी पाठवला. अट एवढीच, की युनूसभाऊंची गाडी पुढच्या खेपेला येईल तोवर एक अख्खी साडी मागावरून उतरली पाहिजे. उतरली तर माग तिचा. नाही उतरली तर माग गाडीत घालून दुसरीकडे न्यायचा.

"एवढी कडक कशाला होतेस?" मी म्हटलं.

कुंदाने दाराकडे बोट केलं. तिथे एक सावळी, उंच बाई गाठोडं मांडीवर घेऊन बसली होती. "ही सगुणा. पोंभुर्ण्याची. मागच्या वेळी हिचाच नंबर होता. तेव्हा मी दुसरीला मुदत वाढवून दिली आणि हिला हात हलवत परत पाठवलं. आता परत कोणत्या तोंडाने पाठवू?"

सगुणा गोंड. तिच्या नवऱ्याने मागासाठी गोठ्यातली अर्धी जागा मोकळी करून सारवून ठेवली होती. ती माझ्याकडे पाहून हसली. गाडी परत येईपर्यंत ती इथेच थांबणार होती.

"युनूसभाऊ जाऊनच राहिलेत," कुंदा म्हणाली. "तूही जा. साडी दिसली तर साडी आण, नाहीतर माग आण. डोळ्यांनी पाहून कोणी सांगितलं की मला बरं वाटतं."

मी हो म्हटलं. मला वाटलं, सहल आहे.

वैनगंगेपलीकडे

वैनगंगा ओलांडली आणि माझे डोळे जड झाले. तो रस्ता मला आता सलग आठवत नाही. आठवतात ते तुकडे. साग संपतो कुठे आणि येन सुरू होतो कुठे, कळत नव्हतं. सगळीकडे तीच पिवळी, थांबलेली पानं. आलापल्लीच्या पुढे झाडं इतकी उंच झाली की उन्हाला खाली यायला वेळ लागत होता. मधेच एक म्हातारा सायकल हातात धरून चालत जाताना दिसला. बराच वेळ गेला, मी डुलकी काढून उठले, तर पुन्हा एक म्हातारा सायकल हातात धरून चाललेला. तोच असणं शक्य नव्हतं, पण मला तो तोच वाटला.

"काऊन ताई, झोप लागली का?" युनूसभाऊ विचारत.

"नाही हो, बघतेय."

"डोरे मिटून बी दिसते इथलं. मले बी दिसते."

गाडीच्या मागच्या बाजूला त्यांची हत्यारांची पेटी खुळखुळत होती. एका नाल्यात चाक रुतलं तेव्हा ती पेटी उतरवून मी डोक्यावर घेतली आणि पाण्यातून पलीकडे गेले. माझी एक चप्पल नाल्याने ठेवून घेतली. युनूसभाऊंनी त्यांच्या जादा चपला दिल्या. मग पुढचे दिवस मी पायांत होड्या घातल्यासारखी चालले.

नाल्यापलीकडे त्यांनी विडी पेटवली आणि म्हणाले, "माग खोलाले मले काई वेळ नाई लागत. पन खोललेला माग गाडीत पाहून जेवन नाई जात मले. आता अल्ला करो, हे काम नाई करा लागो."

पाड्याच्या तोंडाशी एक भलं मोठं मोहाचं झाड होतं. त्याच्या खालच्या फांदीला काहीतरी लोंबत होतं, उन्हापावसाने पांढुरकं पडलेलं, जाड दोरीच्या गुंडाळीसारखं. वारा नव्हता तरी ते हळूच फिरत होतं. मला वाटलं, कुणाच्या बैलाचं दावं असेल. मी विचारलंही नाही.

रुपीचं अंगण

ठोका आधी ऐकू आला. ठक्, मग थोडी शांतता, मग ठक्. शेणाने सारवलेलं लखलखीत अंगण, कोंबड्या, कुंपणावर चढलेली भोपळ्याची वेल, आणि पडवीत माग. मागावर रुपी. बांधा लहानसा, गळ्यात मण्यांच्या माळाच माळा, आणि पाठीशी टेकून बसलेली तीन-चार वर्षांची मुलगी. आई पायाखालची पावडी दाबायची तेव्हा पोर हलायची. तिला त्यातच झोप लागलेली होती.

साडी जवळजवळ झाली होती. कोशाचा तो रंग मला नीट सांगता येणार नाही. संध्याकाळी ताकावर ऊन पडलं तर दिसेल तसा. काठाला करवतीचे बारीक दाते, एकसारखे. मी साडीवरून हात फिरवला आणि युनूसभाऊंकडे पाहून म्हटलं, "चला, पेटी उघडायची गरज नाही."

रुपी मागावरून उतरली नाही. खाली मान घालूनच म्हणाली, "सूत संपून राह्यलं ताई. ह्या सुताच्या कांड्या सरल्या का झालं. पदराचं वीतभर राह्यते."

"संपलं कसं?" मला राग आला, खोटं कशाला बोलू. कुंदा सूत तोलून-मापून देते हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. "अख्ख्या साडीचं सूत दिलं होतं ना तुला?"

"देल्लं होतं. पयली लड झाडाले देल्ली."

मग तिने सावकाश सांगितलं. लड म्हणजे सुताची गुंडाळी, ते मला माहीत होतं. पण इथे नवं काम हाती घ्यायचं तर त्यातलं पहिलं त्या मोहाच्या झाडाचं असतं. कोशाची पहिली लड देवाची. तिने ती फांदीला बांधली आणि मग माग सुरू केला. यात सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नव्हतं. केंद्रात सूत मोजताना कुणी विचारलं नाही, आणि तिनेही सांगितलं नाही, जसं आपण सकाळी तुळशीला पाणी घालतो हे कुणाला सांगत नाही.

मी तिच्या पडवीच्या आढ्याकडे पाहिलं. तिथे टोपली टांगलेली होती आणि टोपलीत नवे, भरलेले कोसे. ह्याच हंगामात तिने रानातून वेचून आणलेले. "अगं, हे काय आहे मग? यातलं काढ सूत."

"पंडुम नाई झाला ना," ती म्हणाली.

पंडुम म्हणजे नव्याचा सण. आंबा असो, मोह असो, नवं धान असो, गावाने एकत्र येऊन आधी देवाला द्यायचं आणि मग माणसाने घ्यायचं. तोवर पिकलेला आंबा पायाशी पडला तरी उचलायचा नाही. इतर गावांत कसं ते ठाऊक नाही, पण या पाड्यात कोशालाही तोच नियम. आणि पंडुम कधी, ते पेरमा म्हणजे गावचा पुजारी ठरवतो. दोन घरं अजून लांबच्या शेतांवर धान राखत बसली होती. ती आल्याशिवाय पंडुम होणार नव्हता.

"पेरमाला जरा लवकर कर म्हणावं," मी म्हटलं. रुपीचा नवरा लालसू कोपऱ्यात जाळं विणत बसला होता. तो इतका हसला की त्याची गाठ सुटली.

मग मी शहाणपणाची परिसीमा केली. म्हणाले, "आणि ती झाडावरची लड? ती अजून तशीच आहे की. काढून आणली, धुतली, तर वीतभर सहज निघेल."

अंगणाच्या पलीकडे रुपीची सासू धान कांडत होती. वंजे आजी. तिला मराठी येत नाही असं मला सांगितलं होतं. पण तिचं मुसळ थांबलं. लालसूचे हात थांबले. पाठीवरची पोर जागी झाली. युनूसभाऊ पुढे आले आणि म्हणाले, "ताई लांबून आल्या ना. त्यायच्याकडं झाडं कमी हायेत." आजीने मुसळ ठेवलं आणि ती आत निघून गेली. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

"वीतभर कमी ठेवून उतरव," मी शेवटचं सुचवलं, हळू आवाजात.

रुपीने मान हलवली. "पदर अर्धा ठेवून साडी कोनाले नेसवू? अन् कुंदाताईले काय सांगू, झाली म्हनून? मी लबाड नाई बोलत ताई."

पोर आता आईच्या मांडीवर आली होती. रुपीने तिच्या केसांतून हात फिरवला आणि माझ्याकडे पाहिलं. "माग नेलात तर मी सावलीले नाई येनार. हे पोरगी आता कुठी मले वळखून राह्यली."

फोनला रेंज नव्हती, आणि असती तरी कुंदाला काय सांगायचं? दाराशी बसलेली सगुणा मला दिसत होती. एकीला माग ठेवला तर दुसरीचा सारवलेला गोठा रिकामा. मी पदराने तोंड पुसलं. युनूसभाऊ गाडीपाशी गेले आणि पेटी न उघडता तिच्यावर बसून राहिले.

जेवायला नदीतला मासा होता, भाजलेला, आणि लाल मुंग्यांची चटणी. ती मी भीत भीत चाखली. लिंबासारखी आंबट, नाकात झिणझिण्या आणणारी. मग आंबील. शेकोटीशी बसलो होतो तेव्हा एक ठिणगी उडून माझ्या स्वेटरवर पडली, आणि आमच्या इचलकरंजीचा तो झकास कृत्रिम धागा बघता बघता वितळून बटणाएवढं भोक पडलं. आजी बाहेर आलेली होती. ती उठली, त्या भोकात बोट घालून पाहिलं, जळालेल्या काठाचा वास घेतला, आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली. रुपीला तिने काहीतरी विचारलं.

"काय म्हणते?"

"हे कोनत्या किड्याचं हाय, इचारते."

सगळे हसले, मीही हसले. मनात म्हटलं, चला, झाडाचं पाप या स्वेटराने थोडं तरी फेडलं. पण पडवीतल्या मागाकडे आजीने एकदाही पाहिलं नाही. तिथे आधी तिची धानाची ढोली असायची, ती मागापायी ओसरीच्या कोपऱ्यात गेली होती. माग गेला तर म्हातारीला बरंच वाटेल, असं समजून मी आडवी झाले. जंगल कसला तरी लांब श्वास घेत होतं. आमच्याकडे खंडेनवमीला माग बंद ठेवतात, हळदकुंकू वाहतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खडखडाट. वर्षातून एक दिवस आम्ही थांबतो. इथे सुरू करण्याआधीच थांबायचं असतं. त्या विचारात केव्हा झोप लागली कळलं नाही.

धुक्यातली सकाळ

जाग आली ती मुसळाच्या नाही, दुसऱ्याच आवाजाने. तळहात कातडीवरून सरकल्यासारखा, सुस्कारल्यासारखा. अंगणात दाट धुकं. कुंपण नाही, झाडं नाही, नुसती पांढरी हवा, आणि तिच्या मधोमध वंजे आजी पाय पसरून बसलेली. लुगडं मांडीवर सरकवलेलं. शेजारी एक वाळका तुंबा, म्हणजे पोकळ दुधी, आणि त्यातून ती जाडसर सूत बाहेर काढत होती. मध्येच एखादा तुकडा सैल पडलेला असला की मांडीवर ठेवून पीळ द्यायची आणि पुढे जायची. सुताचा रंग एकच नव्हता. कुठे मध, कुठे माती, कुठे चुलीजवळ राहून काळपटलेला.

रुपी तिच्यासमोर उकिडवी बसली होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी जवळ जाऊन विचारलं तर तिने तिथूनच सांगितलं.

पतंग कोसा फोडून उडून गेला की मागे जे रिकामं, भोक पडलेलं घर उरतं, ते कुणी घेत नाही. आजी रानात जाताना ते वेचायची, राखेच्या पाण्यात उकळायची आणि मांडीवर त्याचं सूत काढायची. हे मणी ओवायचं सूत. ते तुटत नाही. आजीच्या गळ्यातल्या सगळ्या माळा त्यातच ओवलेल्या. आणि या तुंब्यातलं सूत नातीचं होतं. पोर झाली तेव्हापासून आजी ते साठवत होती, ती मोठी झाली की तिच्या माळा ओवायच्या म्हणून.

"आता देऊन राह्यली," रुपी म्हणाली. "म्हनते, हे सूत जुनं हाय. ह्याचे पंडुम कवाच झाले."

मी आजीकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या स्वेटरच्या भोकाकडे, आणि पुन्हा मांडीवर पीळ दिला. रुपीला ती काहीतरी बोलली. थोडं लांबलचक.

"काय म्हणाल्या?"

रुपीने डोळे पुसले. "म्हनते, पोरीचे मनी थांबतीन. तिची माय थांबली नाई मागच्या टायमाले, तवा लेकरू लय रडलं होतं."

मला तेव्हा कळलं की म्हातारी मागाकडे पाहत का नव्हती. मागाचा राग नव्हता तिला. तो जाणार हे तिला पाहवत नव्हतं. मी सगळं उलटं वाचलं होतं आणि वर झाडावरची लड काढायला निघाले होते. लाज वाटली, आणि त्याच वेळी इतकं बरं वाटलं की मी आजीशेजारी जाऊन नुसती बसले. तिने सुताचं एक टोक माझ्या बोटात अडकवलं, ताण धर म्हणून. त्या सकाळी मी एवढंच काम केलं.

युनूसभाऊंनी कांड्या भरून दिल्या. जाड सूत इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यातून जाईना तेव्हा त्यांनी पेटी उघडली, पहिल्यांदाच, आणि कानस घेऊन धोट्याचं छिद्र थोडं मोठं केलं. "पेटी उघडली तर खरी," म्हणाले, "पन चांगल्या कामाले."

धुकं विरत गेलं तसा ठोका पुन्हा सुरू झाला. ठक्, शांतता, ठक्. रुपी आता जपून विणत होती, कारण जुनं सूत वेगळं चालतं. वीतभर पदर उतरेपर्यंत सूर्य कुंपणावर आला. तो पट्टा बाकी साडीसारखा नव्हता. गडद, खरबरीत, मधेच गाठीचा. रुपीने ताणा कापला तेव्हा आजी पडवीत आली. मागाच्या लाकडाला हात लावला, जसा नव्या बैलाच्या वशिंडाला लावतात तसा. मग तुंबा उलटा केला. हातभर सूत राहिलं होतं. तिने स्वतःच्या माळेतला एक लाल मणी काढला, त्या सुतात ओवला आणि नातीच्या गळ्यात बांधला. एकच मणी. पोर तो हनुवटी खाली घालून घालून पाहत राहिली.

निघताना मोहाच्या झाडाखाली मी गाडी थांबवायला सांगितली. उतरले नाही. नुसतं पाहिलं.

परत सावली

येताना युनूसभाऊंनी दोन्ही कडवी म्हटली. दुसरं खरोखरच पहिल्याएवढं चांगलं नव्हतं.

केंद्राच्या दाराशी सगुणा उभी होती. गाडी आत वळली तशी ती मागे आली आणि तिने आत पाहिलं. हत्यारांची पेटी आणि एक गाठोडं. माग नव्हता. तिने पदर खांद्यावर ओढून घेतला आणि आत येऊन भिंतीशी बसली. त्या क्षणी मला रुपीच्या आनंदाचा अर्धा भाग तिच्यापुढे अपराधासारखा वाटला.

कुंदाने साडी चटईवर पसरली. बायका सूत काढायचं सोडून भोवती आल्या. एकेकीचा हात काठावरून, मग अंगावरून, पदरापर्यंत गेला आणि प्रत्येकीचा हात त्या शेवटच्या वीतभरावर थांबला.

"हे काय गं?" कुंदाने मला विचारलं.

मी सांगितलं. सगळं. झाडाची लड, पंडुम, तुंबा, एक मणी. मी झाडाबद्दल काय बोलले तेही सांगितलं. युनूसभाऊ तोवर दाराबाहेर बघत राहिले. कुंदा बराच वेळ त्या पट्ट्यावर बोट फिरवत होती. मग म्हणाली, "इतकी वर्षं मी सूत मोजून देतेय. यांनी पहिली लड कुठून दिली असेल, मला एकदाही सुचलं नाही." आणि आतल्या बाईला हाक मारून सांगितलं, यापुढे प्रत्येक मागाच्या सुतात एक लड जास्त. ती विणायची नाही.

सगुणा उठली. साडीपाशी आली, गुडघ्यावर बसली, आणि तिने त्या खरबरीत वीतभराला गाल लावला. मग सरळ होऊन युनूसभाऊंना विचारलं, "माहा माग कवा होईन?"

"लाकूड आनून ठेवलं हाय मी," ते म्हणाले. "खोटं नाई सांगत बाई, वेळ लागन. सागाचं हाय, सुकाले पायजे."

कुंदा काहीतरी समजावायला पुढे झाली, पण सगुणाने हात वर केला.

"माग येईन तवा येईन ताई," ती म्हणाली. "झाडाची लड मले आत्ताच द्या."

कुंदाने स्वतःच्या हाताने निवडून तिला एक लड दिली, मधाच्या रंगाची, चांगल्यातली चांगली. संध्याकाळच्या मूलच्या बसला मी तिला पोचवायला गेले. बसमध्ये गर्दी होती, पण तिला खिडकीजवळ जागा मिळाली. गाठोडं तिने पायाशी ठेवलं आणि लड मांडीवर. मी खिडकीखाली उभी राहून हात हलवत होते. तिने वर पाहिलंच नाही. ती तळहाताने त्या सुताचा पीळ सारखा करत होती, आणि बस सुटली.